लहान मुलांसह हिवाळ्यात कोपनहेगन, तेही बेताच्या खर्चात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ते दहा वर्षांच्या मुलांना घेऊन चार-पाच दिवसांसाठी डेन्मार्कच्या राजधानीत जाऊ पाहणारी मराठी कुटुंबे, मग ती पुण्या-मुंबईहून निघणारी असोत किंवा लंडन-म्युनिकहून, जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तिकिटांचे आणि हॉटेलांचे दर सतत बदलतात, त्यामुळे दरांच्या आकड्यांपेक्षा पैसे कोठे जातात आणि कोठे वाचतात, यावर भर दिला आहे.

स्टॉकहोम आणि ओस्लो सोडून कोपनहेगनच का निवडावे?

तिन्ही राजधान्यांपैकी एकही स्वस्त नाही, हे आधी मान्य करावे. तरीही लहान मुले बरोबर असताना कोपनहेगन सोपे पडते, कारण विमानतळ शहराला लागूनच आहे आणि साध्या मेट्रोने पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यभागी पोहोचता येते. स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि ओस्लोचा गार्डरमोएन त्याहूनही दूर, त्यामुळे तेथे येण्या-जाण्याचाच खर्च डोळ्यांत भरतो. दुसरे म्हणजे कोपनहेगन सपाट आहे आणि पाहण्याची बहुतेक ठिकाणे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत.

मात्र मुलांना बर्फात खेळवणे हाच सहलीचा मुख्य हेतू असेल, तर ओस्लोचा विचार करावा. तेथे मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गाने फ्रोग्नरसेटेरेनपर्यंत वर जायचे, भाड्याची घसरगाडी घ्यायची, दोन किलोमीटर घसरत खाली यायचे आणि पुन्हा मेट्रोत बसायचे, असा खेळ बर्फ असेपर्यंत चालतो. कोपनहेगनमध्ये बर्फाची खात्री देता येत नाही. तेथील हिवाळा शून्याच्या आसपासचा, ओलसर आणि वाऱ्याचा असतो.

एका आठवड्यात तिन्ही राजधान्या होणार नाहीत का?

होतील, पण मुलांच्या आणि खिशाच्या जिवावर. डिसेंबरच्या अखेरीस कोपनहेगनमध्ये सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो, म्हणजे उजेड मिळतो तो जेमतेम सात तास. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे म्हटले की सामान बांधणे, खोली सोडणे, प्रवास आणि नवी खोली मिळेपर्यंत ताटकळणे यांत तो सगळा दिवस जातो. शिवाय प्रत्येक मुक्कामाच्या पहिल्या दिवशी दूध, पाव, फळे अशी खरेदी नव्याने करावी लागते आणि उरलेले मागे टाकून यावे लागते. या सहलीत खर्च कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे शहरांची संख्या कमी करणे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नेमके कोणत्या महिन्यात जावे?

महाराष्ट्रातील शाळांना नाताळची सुट्टी असते म्हणून बहुतेक जण डिसेंबरचा शेवटचा आठवडा निवडतात आणि नेमका तोच आठवडा अडचणीचा असतो. २४ डिसेंबरच्या दुपारपासून दुकाने बंद होऊ लागतात, २५ आणि २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि १ जानेवारीलाही तीच गत असते. याच तारखा घ्याव्या लागल्या, तर २३ तारखेला चार दिवसांचा शिधा भरून ठेवावा. ३१ डिसेंबरच्या रात्री घरोघरचे लोक रस्त्यावर फटाके उडवतात. दिवाळी पाहिलेल्या मुलांना त्याचे नवल वाटणार नाही, पण तान्ह्या बाळाची झोप मात्र मोडेल.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिव्यांची आरास आणि नाताळचे बाजार असतात, पण सुट्टीची बंदी अजून सुरू झालेली नसते. सर्वांत स्वस्त मुक्काम सहसा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मिळतात. शाळेची अडचण नसलेल्या, म्हणजे पाच वर्षांखालील मुलांच्या पालकांनी फेब्रुवारीकडे पाहावे. महिन्याच्या मध्यावर उजेड साडेनऊ तासांपर्यंत वाढलेला असतो. फक्त वर्षाचा सातवा आठवडा पाहून घ्यावा, कारण त्या आठवड्यात कोपनहेगनच्या शाळांना हिवाळी सुट्टी असते. तेव्हा संग्रहालयांत मुलांसाठी खास कार्यक्रम असतात आणि गर्दीही असते.

इतका अंधार आणि थंडी मुलांना सोसेल का?

थंडी कपड्यांनी आवरते. अंधाराचे गणित मात्र घड्याळाशी बांधलेले आहे आणि भारतातून थेट जाणाऱ्यांना त्याचा फायदाही होतो. हिवाळ्यात भारताचे घड्याळ डेन्मार्कच्या साडेचार तास पुढे असते. घरी रात्री साडेनऊला झोपणारे मूल तेथे संध्याकाळी पाचलाच पेंगू लागते, आणि तोपर्यंत बाहेर काळोख झालेलाच असतो. त्याला झोपवणे सोपे जाते. पंचाईत होते ती पहाटेची, कारण सकाळी सातला उठणारे तेच मूल तेथे अडीच वाजता टक्क जागे होते. पहिल्या दोन दिवसांसाठी उशाशी खाऊ, चित्रांची वही आणि एखादे नवे खेळणे तयार ठेवावे. संग्रहालये साधारण दहा वाजता उघडतात, बेकऱ्या मात्र सातच्या सुमारास उघडतात. अंधाऱ्या रस्त्यावरून बेकरीच्या पिवळ्या खिडकीकडे चालत जाऊन गरम पाव आणणे हा आमच्या मुलांच्या लेखी त्या सहलीचा सर्वांत मोठा पराक्रम होता.

दिवसाची आखणी साधी ठेवावी : उजेडात एक बाहेरची गोष्ट, दुपारनंतर एक उबदार जागा. तिसरी गोष्ट यादीत घालू नये.

कपडे येथून न्यावेत की तेथे घ्यावेत?

आतले थर येथून न्यावेत. अंगालगत लोकर किंवा थर्मल, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट, असे तीन थर पुरतात. सुती बनियन आणि सुती मोजे टाळावेत, कारण घामाने किंवा पावसाने एकदा ओले झाले की ते अंगावरच गार पडतात. बूट एक माप मोठे घ्यावेत, म्हणजे जाड मोज्यांसह बोटे हलवता येतात. बोटे ऊब धरतात ती एकत्र असताना, त्यामुळे पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा अंगठा तेवढा वेगळा असलेले मोजे लहान मुलांना चांगले.

डेन्मार्कमधील बालवाडीतली मुले हिवाळाभर डोक्यापासून घोट्यापर्यंतच्या एकाच जलरोधक पोशाखात वावरतात. तो नवा घेतल्यास महाग पडतो, पण रेड क्रॉससारख्या संस्थांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगल्या स्थितीत मिळू शकतो. ही दुकाने रविवारी बहुधा बंद असतात. आपली माकडटोपीही आवर्जून न्यावी. डॅनिश भाषेत तिला ‘एलेफांटहू’, म्हणजे हत्तीची टोपी म्हणतात, हे कळल्यावर ती घालायला कुरकुरणारी मुलेही निमूट घालतात.

हातमोज्यांना दोरी लावून ती बाह्यांतून ओवून घ्यावी. आम्ही ती लावली नव्हती आणि पहिल्याच दिवशी धाकटीचा एक मोजा हरवला. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाताना तो एका कुंपणाच्या टोकावर नीट खोचून ठेवलेला दिसला. तेथे सापडलेले मोजे असेच ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे काही हरवले तर आल्या वाटेने एकदा परत फिरून पाहावे.

व्हिसासाठी मुलांचा वेगळा खर्च येतो का?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो आणि प्रत्येक मुलाचा अर्ज स्वतंत्र असतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे, सहा वर्षे पूर्ण झालेल्या पण बारांच्या आतील मुलांचे ४५ युरो आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार मात्र निराळा भरावा लागतो. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे व्हिसासाठी घेतले जात नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. डिसेंबरच्या सहलीसाठी दिवाळीपूर्वीच कागदपत्रे तयार ठेवावीत. एकच पालक मुलांसह जात असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र लागते.

जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये निवासपरवान्यावर राहणाऱ्या भारतीयांना यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मात्र तो लागतो.

माल्मोमध्ये राहून रोज कोपनहेगनला आल्यास पैसे वाचतात, हे खरे आहे का?

कागदावर खरे दिसते. स्वीडनमधील माल्मो हे शहर ओरेसुंड या सामुद्रधुनीच्या पलीकडे आहे, २००० साली सुरू झालेल्या पुलावरून रेल्वेने सुमारे चाळीस मिनिटांत तेथे पोहोचता येते आणि तेथील खोल्या बऱ्याचदा स्वस्त असतात. पण दोन प्रौढांचे रोजचे जाण्या-येण्याचे भाडे जोडले की बचतीचा मोठा भाग गळून पडतो. स्वीडनमध्ये शिरताना गाडीत किंवा स्थानकावर पासपोर्ट तपासले जाऊ शकतात, म्हणजे झोपलेल्या मुलांना सांभाळत रोज संध्याकाळी सर्वांचे पासपोर्ट हाताशी ठेवायचे. शिवाय शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम त्याच देशाकडे करायचा असतो. सगळ्या रात्री माल्मोमध्ये काढणाऱ्याने डेन्मार्ककडे अर्ज केला, तर ती चूक ठरते, आणि ही गोष्ट हॉटेल बदलताना अनेकांच्या लक्षात येत नाही.

माल्मोला एक दिवस जरूर जावे. तेथील शहर ग्रंथालयाचा १९९७ मध्ये उघडलेला काचेचा भाग आणि मुलांचा ‘कनीनी’ हा विभाग पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

मग कोपनहेगनमध्येच स्वस्तात कोठे राहावे?

मध्यवस्तीचा हट्ट सोडून मेट्रोस्थानकाचा हट्ट धरावा. ओरेस्टाड आणि आमागर या भागांतील हॉटेले पुष्कळदा स्वस्त पडतात आणि मेट्रोने शहर थोड्या मिनिटांवर असते. ‘कॅबिन’ या हॉटेलसाखळीतील खोल्या जहाजातल्या खोलीसारख्या छोट्या असतात आणि त्यांत एकावर एक पलंग असतात. मोठ्यांना तेथे अंग चोरून वावरावे लागते, मुलांना मात्र वरचा पलंग म्हणजे किल्ला वाटतो. शहराच्या मध्यभागी असलेल्या ‘डॅनहॉस्टेल’मध्ये कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या मिळतात. वसतिगृहांत चादरी आणि टॉवेल भाड्यात धरलेले आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. चार जणांचे चार टॉवेल भाड्याने घ्यावे लागले, तर बचतीला कात्री लागते.

खोलीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर. एक शेगडी आणि एक पातेले मिळत असेल, तर थोडे जास्त भाडे देऊनही तीच जागा घ्यावी.

शहरात फिरण्याची तिकिटे कोणती घ्यावीत?

तिकीट असलेल्या प्रत्येक प्रौढाबरोबर बारा वर्षांखालील दोन मुले बस, मेट्रो आणि रेल्वेत मोफत जातात, त्यामुळे खर्च फक्त मोठ्यांचा धरावा. ‘सिटी पास स्मॉल’ हे तासांवर चालणारे तिकीट १ ते ४ या झोनमध्ये चालते आणि त्यात विमानतळही येतो. बंदरातून फिरणाऱ्या पिवळ्या बोटी हा सार्वजनिक वाहतुकीचाच भाग असल्याने त्याच तिकिटावर जलविहारही होतो, त्यासाठी पर्यटकांची महाग बोट घेण्याची गरज उरत नाही.

मेट्रोला चालक नसतो, त्यामुळे सर्वांत पुढची काच प्रवाशांसाठी मोकळी असते. त्या जागेवर बसलेले मूल बोगद्यातले दिवे अंगावर येताना पाहते आणि गाडी आपणच चालवत आहोत, असे धरून चालते. २०१९ मध्ये सुरू झालेला एम-३ हा वर्तुळाकार मार्ग सतरा स्थानके घेत सुमारे चोवीस मिनिटांत जेथून निघाला तेथे परत येतो. पाऊस थांबत नसेल, तर एक फेरी मारून यावी.

कोपनहेगन कार्ड परवडते का?

या कार्डात वाहतूक आणि अनेक ठिकाणांचे प्रवेश येतात, आणि प्रौढाच्या एका कार्डावर बारा वर्षांखालील दोन मुलांना नेता येते. तरीही सरसकट घेऊ नये. अनेक मोठ्या संग्रहालयांत अठरा वर्षांखालील सर्वांना तसाही मोफत प्रवेश असतो, म्हणजे तेथे कार्डाने मुलांचे काहीच वाचत नाही. वाचते ते टिव्होली हे करमणुकीचे उद्यान, प्राणिसंग्रहालय आणि ‘डेन ब्लो प्लानेट’ हे मत्स्यालय अशा मुलांनाही तिकीट असलेल्या ठिकाणी. ही ठिकाणे सलग ४८ तासांत बसवता येत असतील, तर कार्ड फायद्याचे आहे. पण लहान मुले घड्याळाशी झटत नाहीत, आणि दिलेल्या पैशांची वसुली करण्याच्या भरात थकलेल्या मुलांना फरफटत नेणारे पालक आम्ही तेथे पाहिले आहेत. आम्हीही एक दिवस त्यांच्यात होतो.

मोफत किंवा जवळजवळ मोफत अशी कोणती ठिकाणे मुलांना आवडतात?

राष्ट्रीय संग्रहालयातील मुलांच्या विभागाला पहिला मान द्यावा. ‘हात लावू नका’ अशी पाटी तेथे नाही. मुले व्हायकिंग जहाजात चढतात, जुन्या काळच्या शाळेतल्या बाकांवर बसतात आणि त्या काळचे कपडे घालून पाहतात. मोठ्यांना तिकीट आहे, मुलांना नाही. राष्ट्रीय कलासंग्रहालय आणि राजघराण्याचे मुकुट जपणारा रोझेनबोर्ग किल्ला येथेही अठरा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत. सोमवारी मात्र यांपैकी बरीच दारे बंद असतात.

गोल मनोरा, म्हणजे रुंडेटॉर्न, १६४२ मध्ये पुरा झाला. त्यात वर जायला पायऱ्यांऐवजी साडेसात वळसे घेत चढणारी २०९ मीटरची उतरण आहे आणि जिना लागतो तो अगदी शेवटी. मुले ती धावत चढतात आणि धावतच उतरतात, मागे राहतात ते आई-बाबा. तेथे मोठ्यांचे तिकीट काढायचे नसेल, तर संसद भरते त्या क्रिश्चन्सबोर्ग राजवाड्याचा मनोरा पाहावा. तो १०६ मीटर उंच आहे आणि वर जाण्यास शुल्क नाही.

राजाच्या पहारेकऱ्यांची तुकडी रोज साडेअकराला रोझेनबोर्गजवळून निघून शहरातून चालत बाराला अमालियनबोर्ग राजवाड्याला पोहोचते. चौकातल्या गर्दीत उभे राहण्यापेक्षा वाटेत कोठेतरी थांबावे, म्हणजे अस्वलाच्या कातडीच्या टोप्या मुलांना हाताच्या अंतरावरून दिसतात.

आणि ग्रंथालये. गोल मनोऱ्याजवळच्या मुख्य ग्रंथालयात कोणीही जाऊन बसू शकते, ओळखपत्र कोणी विचारत नाही. मुलांच्या विभागात खेळणी असतात, स्वच्छतागृह असते, ऊब असते. चित्रांची पुस्तके डॅनिशमध्ये असली, तरी चार वर्षांच्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही. दुपारी साडेतीनला, बाहेर दिवे लागत असताना, आम्हाला या जागेइतका दुसऱ्या कशाचाच आधार वाटला नाही.

पैसे मोजून एकच संग्रहालय पाहायचे असेल, तर हुमलेबेकचे लुइझियाना पाहावे. रेल्वेने सुमारे पस्तीस मिनिटे लागतात, मात्र ते १ ते ४ झोनच्या बाहेर असल्याने जादा तिकीट काढावे लागते. मुलांना प्रवेश मोफत आहे, त्यांच्यासाठी तीन मजल्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि मंगळवार ते शुक्रवार ते रात्री दहापर्यंत उघडे असते.

टिव्होली हिवाळ्यात उघडे असते का? आणि लेगोलँड?

१८४३ पासून चालू असलेले टिव्होली नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत नाताळासाठी उघडते, मग बंद होते आणि फेब्रुवारीत थोड्या दिवसांसाठी पुन्हा उघडते. प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि पाळण्यांचे वेगळे, ही बाब दारातच कळली तर मनस्ताप होतो. तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. उजेड संपण्याच्या अर्धा तास आधी आत जावे, दिवे लागताना पाहावेत आणि प्रत्येक मुलाला एकच पाळणा निवडू द्यावा. पाच वर्षांखालील मुलांना एवढे पुरते.

लेगोलँड बिलुंडला आहे, कोपनहेगनच्या जवळ नाही, आणि हिवाळ्यात बहुतेक काळ बंद असते. मुलांना ते कबूल करून ठेवू नये. उत्तर ध्रुवीय प्रकाशासाठीही कोपनहेगनवर भिस्त ठेवू नये. त्यासाठी उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी जावे लागते, आणि तो खर्च या सहलीत बसत नाही.

शाकाहारी मुलांच्या जेवणाचे काय? घरून काय नेता येते?

उपाहारगृहात चौघांनी रोज जेवायचे ठरवले, तर जेवणाचा खर्च मुक्कामाच्या बरोबरीला येऊ शकतो. नेट्टो, रेमा १००० आणि लिडल या दुकानांतून दूध, अंडी, फळे, ओट्स आणि राईचा काळा पाव घ्यावा. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. बाहेर खाण्यासाठी नॉरेब्रो भागातील फलाफलची दुकाने शाकाहारी कुटुंबांना सोयीची आहेत. रस्त्यावरच्या गाड्यांवरील सॉसेज बहुधा डुकराच्या मांसाचे असते. दही आणि गोड पदार्थांत प्राण्यांपासून बनणारे जिलेटिन असू शकते, त्यामुळे वेष्टन फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचावे.

हिवाळ्यात एक पदार्थ मात्र मराठी मुलांना ओळखीचा वाटतो. दुधात शिजवलेला मऊ भात, वर दालचिनी-साखर आणि मधोमध लोण्याचा गोळा. डॅनिश लोक त्या गोळ्याला ‘स्मोरक्लाट’ म्हणतात. दूधभातावर वाढलेल्या आमच्या मुलाने तीन दिवस रात्री तोच मागितला.

घरून नेण्याच्या पदार्थांबाबत युरोपीय संघाचे नियम कडक आहेत. भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा आणि पनीर घरीच ठेवावे. तान्ह्या बाळाची दुधाची भुकटी मर्यादित प्रमाणात चालते. ताजा कढीपत्ता, कोथिंबीर आणि मिरच्याही चालत नाहीत. मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी मात्र न्यावी.

रोख पैसे किती न्यावेत?

जवळजवळ काहीच नाही. कार्ड सगळीकडे चालते. यंत्राने ‘रुपयांत की क्रोनरमध्ये’ असे विचारल्यास क्रोनर, म्हणजे डेन्मार्कचे चलन, निवडावे, कारण रुपयांचा दर यंत्रवाला आपल्या सोयीने लावतो. युरो डेन्मार्कमध्ये चलनात नाहीत, हे विसरू नये.

बाबागाडी न्यावी का?

न्यावी, पण मोठ्या चाकांची. जुन्या भागातील दगडी रस्त्यांवर बारीक चाके अडकतात. मेट्रोच्या सर्व स्थानकांवर लिफ्ट आहे. सर्वांत जास्त जपायचे ते सायकलच्या मार्गिकेला. काही थांब्यांवर बसमधून उतरताच पाय थेट त्या मार्गिकेत पडतो आणि सकाळच्या वेळी सायकली वेगाने येतात. मुलाचा हात आधी धरावा, मग दार उघडू द्यावे.

मूल आजारी पडल्यास कोणाला फोन करावा?

जिवावरचा प्रसंग असेल तर ११२, आणि तातडीच्या पण तेवढ्या गंभीर नसलेल्या तक्रारीसाठी कोपनहेगन परिसरात १८१३. या क्रमांकावर आधी बोलूनच रुग्णालयात जायचे असते. मध्यवर्ती रेल्वेस्थानकासमोरचे ‘स्टेनो’ औषधालय चोवीस तास उघडे असते. तापाचे नेहमीचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घरूनच न्यावे.

परतीच्या दिवशी काही राहून जाते का?

रिकाम्या बाटल्या. डेन्मार्कमध्ये पेयांच्या बहुतेक बाटल्यांवर आणि डब्यांवर ‘पँट’ नावाची अनामत घेतलेली असते, लहान डब्यावर १ क्रोन आणि मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीवर ३ क्रोन. दुकानातील यंत्रात एकेक बाटली सरकवण्याचे काम मुलांकडे सोपवावे आणि बाहेर येणाऱ्या चिठ्ठीवर त्याच दुकानात विमानतळाच्या वाटेसाठी केळी घ्यावीत.